केशरबाईंची दुसरी प्रत

केशरबाईंचा आवाज नंदलालजींच्या हातून गेला तो एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास. त्या वेळी त्यांना चांगलं समाधान वाटलं होतं. काम हातावेगळं झालं होतं आणि मुख्य म्हणजे कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

विचारणं हे नंदलालजींना आयुष्यभर जड गेलेलं काम. साकोलीच्या वाचनालयात ते चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथे लोक त्यांना विचारायचे आणि ते खाली मान घालून नेमकं पुस्तक काढून द्यायचे. स्वतः मात्र कापडाच्या दुकानात गेले तर दुकानदार जे पुढे टाकेल ते गुपचूप घेऊन घरी यायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. वाचल्याशिवाय ज्याचा दिवस सरत नाही अशा माणसाचे डोळे गेल्यावर काय होतं, ते त्यांच्या पत्नीनं, निर्मलाबाईंनी, वर्षभर पाहिलं. मग एक दिवस त्यांनीच नवऱ्याला भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं. भंडाऱ्याला न दिसणाऱ्या लोकांसाठी कॉम्प्युटरचा एक वर्ग चालत होता. शिकवणारी तृप्ती अठ्ठावीस वर्षांची, जन्मापासून न दिसणारी, जिभेनं तिखट.

तिनं त्यांना स्क्रीन रीडर शिकवला. पडद्यावर जे काही असेल ते हा प्रोग्राम एका बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. माऊसला हात लावायचा नाही. टॅब दाबली की पुढचं बटण, बाण दाबला की पुढची ओळ, आणि कंट्रोल दाबली की बाई तिथल्या तिथे गप्प. नंदलालजींना यातली शेवटची सोय फार आवडली. आयुष्यभर त्यांनी पुस्तकं भराभर चाळली होती, पानावर नजर टाकून मजकूर उचलायची त्यांना सवय. त्यांनी बाईचा वेग वाढवून घेतला आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला अर्थ कळला की ते तिला गप्प करू लागले.

"काकाजी, एन्टर दाबायच्या आधी तिचं वाक्य पूर्ण ऐकत जा," तृप्ती म्हणायची. "मधातच तोंड दाबू नका तिचं."

"कळतं मला पुढचं."

"सगळ्यायलेच कळते. मंग मले फोन येते."

घरी निर्मलाबाईंना त्या आवाजाचा वेगळाच राग होता. "सकाळपासून बडबडून राहिली तुमची बाई," त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "माझ्याशी तं एवढं बोलत नाही जी तुम्ही."

"तिच्याशी कुठे बोलतो? ती बोलते, मी ऐकतो."

"तेच तं म्हणून राहिली मी."

डोळे गेल्यावर नंदलालजींनी एक काम मनाशी धरलं होतं. वाचनालयातल्या एकाही कोशात धानाच्या शेतीचे झाडीपट्टीतले शब्द धड सापडत नाहीत, ही त्यांची जुनी खंत. ते शब्द आपण गोळा करावेत असं त्यांना वाटे, आणि लगेच, आपण कोण लागून गेलो, असंही वाटे. शेवटी कोणीतरी दिघोरीच्या केशरबाईंचं नाव सुचवलं. वय ब्याऐंशी, कमरेत वाकलेली, पण तोंड अजून तरुण. नंदलालजी आणि निर्मलाबाई लाखांदूरच्या बसनं दिघोरीला जायचे, केशरबाईंच्या खाटेवर बोटभर लांबीचा रेकॉर्डर ठेवायचे आणि त्यांना बोलतं करायचे. दोन हिवाळ्यांत अशा अकरा बैठकी झाल्या.

"रोवणा संपला की मग काय, केशरबाई?" नंदलालजी चाचरत विचारायचे.

"मंग कंबर सरळ करा लागते, मास्तर. त्याले शब्द नाही. नुसतं कण्हणं आहे. ते लिहून घे."

"मी मास्तर नाही. मी वाचनालयात होतो."

"पुस्तकं सांभाळत होता ना? मंग पोरं सांभाळली काय अन् पुस्तकं सांभाळली काय. पुस्तकं बरी, त्यायचं नाक पुसा लागत नाही."

त्या हसायला लागल्या की खाट करकरायची आणि तेही रेकॉर्ड व्हायचं. रोवणा म्हणजे धानाची लावणी, बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर, पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाची रास, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं. पण बांधीत पाणी घोट्यापर्यंत आलं तर त्याला काय म्हणायचं, पोटरीपर्यंत आलं तर काय, हे केशरबाईच सांगत. साडेचौदा तास झाले. ऐकून ऐकून नंदलालजींनी नऊशे शब्दांची यादी टाइप केली.

मागच्या माघात केशरबाई झोपेतच गेल्या. तेरवीला त्यांचा मुलगा हेमराज नंदलालजींच्या शेजारी येऊन बसला. पन्नाशीचा, शेतीत राबलेला, कमी बोलणारा माणूस.

"मास्तर," तो म्हणाला, "मायचा फोटो एकच आहे, तोही आधार कार्डावरचा. आवाज तेवढा तुमच्यापाशी आहे. एका पेनड्राईव्हमधी टाकून देजा."

"देतो ना. थोडा नीट करून देतो."

"नीट कायले? जसा आहे तसा द्या."

नंदलालजींनी मान हलवली. पण तसा तो त्यांच्यानं देववला नाही. कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये केशरबाईंबरोबर त्यांचा स्वतःचाही आवाज होता. एकच प्रश्न तीनदा विचारणारा, मध्येच अडखळणारा, म्हातारी एखादं सुंदर वाक्य बोलत असताना "म्हणजे? म्हणजे?" करून तिला तोडणारा. हेमराजच्या अंगणात सगळं घर जमून हे ऐकेल या विचारानंच त्यांचे कान तापायचे. आपले प्रश्न तेवढे कापावेत, खोकला कापावा, ज्या भागात कामाचा शब्द नाही असा घरगुती भाग कापावा आणि मग द्यावं, असं त्यांनी ठरवलं. कानानं ऐकत ऐकत, सेकंद सेकंद मागेपुढे करत कापणं हे फार संथ काम. अकरा महिन्यांत तीन बैठकी झाल्या. हेमराजनं मधे दोनदा फोन केला. "होत आलंय," असं ते दोन्ही वेळा म्हणाले.

दिवाळीच्या आसपास कॉम्प्युटरमधली जागा संपली. यंत्र जुनं होतं, पोट लहान. त्यांच्या फाइली क्लाउडला जोडलेल्या होत्या, म्हणजे इंटरनेटवरून एका कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरांवरही साठत होत्या. त्यांचा मुलगा मनिष पुण्याहून आला होता तेव्हा तेवढं जोडून गेला होता. नंदलालजी त्या क्लाउडच्या सेटिंगमध्ये शिरले, टॅब दाबत दाबत "जागा मोकळी करा" या बटणापर्यंत पोहोचले आणि एन्टर मारला. जागा मोकळी झाली. त्यांनी घाईनं यादी तपासली. बाण खाली, "केशरबाई एक". बाण खाली, "केशरबाई दोन". अकराच्या अकरा जागेवर. प्रत्येक नावानंतर बाई आणखी दोन शब्द बोलू पाहत होती, "फक्त ऑनलाइन". पण नावं त्यांना तोंडपाठ होती. नाव ऐकलं की ते बाण दाबत, आणि ते दोन शब्द अकरा वेळा बाईच्या तोंडातच राहिले.

घरच्या यंत्रात उरली होती ती नुसती नावं. वाचनालयात पुस्तकाचं कार्ड खणात असतं आणि पुस्तक कपाटात, तसं. चौतीस वर्षं कार्डांत गेलेल्या माणसाला कार्ड कोणतं आणि पुस्तक कोणतं हे त्या दिवशी कळलं नाही, याची टोचणी त्यांना पुढे सगळ्यांत जास्त लागली.

दोन महिन्यांनी क्लाउडही भरला. तसा कंपनीचा ईमेल आला. मनिषनं त्याच खात्यात त्याच्या मेहुणीच्या लग्नाचे व्हिडिओ टाकले होते. त्याला फोन करून "ते काढ" म्हणणं सरळ होतं, पण त्याच्या सासरच्यांचं लग्न, कशाला बोलावं. नंदलालजींनी वाचनालयात वर्षानुवर्षं केलं तेच केलं. तिथे कपाट भरलं की दुबार प्रती शोधायच्या. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर एक ठेवायची, दुसरी रजिस्टरमधून कमी करायची. केशरबाई घरी आहेत आणि क्लाउडवरही आहेत, मग क्लाउडवरची ती दुसरी प्रत. त्यांनी ब्राउझर उघडला, फोल्डर निवडला, डिलीट दाबलं. बाई म्हणाली, "हे फोल्डर काढून टाकल्यास ते."

त्यांनी कंट्रोल दाबली. मग एन्टर.

त्यानंतर त्यांनी चहा मागितला आणि निर्मलाबाईंना म्हणाले, "आज एक मोठं काम झालं."

गुरुवारी चौथी बैठक कापायला बसले तर फोल्डर नाही. कापून झालेल्या तीन बैठकीही त्यातच होत्या. त्यांना वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आहोत. वर गेले, खाली आले, शोधलं. "शून्य परिणाम," बाई म्हणाली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. कचऱ्याचा डबा उघडून पाहिला, तो रिकामा. रेकॉर्डरमधलं कार्ड काढून पाहिलं. पण प्रत्येक बैठकीनंतर फाइल उतरवून कार्ड पुसायची शिस्त त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. दुपारी निर्मलाबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा डोकं दुखतं म्हणाले.

तृप्तीला फोन करायला हवा हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. नंबर फोनमध्ये पहिलाच होता. पण तिचा पहिला प्रश्न काय असेल तेही कळत होतं. वाक्य पूर्ण ऐकलं होतं का, काकाजी? एकाहत्तराव्या वर्षी, मुलीच्या वयाच्या पोरीपुढे, नाही म्हणावं लागलं असतं. आपण आधी स्वतः पाहू, असं ते स्वतःला सांगत राहिले. मदतीची पानं उघडून ऐकली. अर्धं कळलं, अर्धं इंग्रजी शब्दांच्या गर्दीत हरवलं. एखाद्या सकाळी फोल्डर आपोआप परत आलेला असेल, असंही त्यांना मनातून वाटे, आणि रोज चहाआधी ते यादी ऐकत. इतकं शिकलेला माणूस असं वाट पाहत बसतो, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

बाराव्या दिवशी रविवार होता. तृप्ती आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना रविवारी आळीपाळीनं फोन करायची. त्या दिवशी नेमकी त्यांची पाळी होती.

"काकाजी, काही अडलं का?"

"नाही नाही. सगळं बरं आहे."

"आवाज बारीक येऊन राहिला तुमचा."

"सर्दी आहे जरा."

"मंग वाफ घ्या. अन् काही अडलं तं सांगत जा. लाजता लय तुम्ही."

"हाव," ते म्हणाले, आणि फोन ठेवून बराच वेळ तो हातात धरून बसले.

माघ लागला आणि हेमराजचा फोन आला. निर्मलाबाईंनी उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"मास्तर, येत्या सोमवारी मायची वर्षी आहे. दोघंही जेवाले या. अन् ते पेनड्राईव्ह आणजा. पाव्हणे येऊन राहिले, माझा मामा आहे करडी गावचा. त्याले दिसत नाही आता, पण ऐकू येते. बहिणीचा आवाज ऐकीन म्हणते."

नंदलालजी "येतो" म्हणाले. एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर निर्मलाबाई पुढ्यात येऊन बसल्या.

"काय झालं आहे?"

"काही नाही."

"महिनाभर पाहून राहिली मी. पोळी कुस्करून ठेवता अन् जेवलो म्हणता. काय झालं आहे?"

त्यांनी सांगितलं. निर्मलाबाई रागावल्या नाहीत. अकराही बैठकींना त्या तिथे होत्या, केशरबाईंच्या हातचा चहा प्यायल्या होत्या. त्यांनी फोन घेतला, तृप्तीचा नंबर लावला आणि नवऱ्याच्या कानाशी धरला.

तृप्तीनं वाक्याबद्दल काही विचारलं नाही. "कधी?" एवढंच विचारलं.

नंदलालजींना मोजावं लागलं नाही. "छत्तीस दिवस झाले."

पलीकडे कीबोर्ड जवळ ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "क्लाउडचा कचऱ्याचा डबा वेगळा असते, काकाजी. आपल्या कॉम्प्युटरचा नाही, तिकडचा. ब्राउझर उघडा. मी सांगते तसं करा."

तिनं सांगितलं तसं त्यांनी केलं. सात टॅब, एक एन्टर. बाईचा वेग त्यांनी आज कमी केला होता. ती सावकाश म्हणाली, "कचरापेटी रिकामी आहे." त्यांनी पूर्ण ऐकलं. पुढे ती काहीच बोलली नाही.

"तीस दिवस ठेवतात ते," तृप्ती म्हणाली. "मंग आपोआप जाते. कंपनीले लिहून पाहते मी, पण काकाजी, भरवसा ठेवू नका."

"मी काढलं तेव्हा ती काय म्हणत होती? मी मधेच..."

"ते तुमच्या सगळ्या यंत्रांवरूनही जाईल, असं म्हणते ती. अन् तीस दिवस परत आणता येईल, असंही म्हणते."

"असं."

"मी त्या रविवारी फोन केला होता ना."

"हाव."

"तेव्हा दोन मिनिटाचं काम होतं जी." तिचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. "मी माझ्या बी.ए.च्या नोट्स अशाच उडवल्या होत्या. दोनदा. हे तुम्हाले वर्गात सांगाले पाहिजे होतं मी. नुसतं वाक्य ऐका, वाक्य ऐका करत बसली. आपणही अशा चुका करतो हे काही सांगतलं नाही."

कंपनीचं उत्तर शनिवारी आलं. दिलगिरीचं होतं.

सोमवारी ते दिघोरीला उतरले. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोळीच्या डाळीचं पीक पसरलं असल्याचं निर्मलाबाईंनी रस्त्यात सांगितलं. वर्षीचं जेवण उरकलं. करडीचे मामा ओट्यावर बसले होते. नंदलालजींचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि चाचपडत त्यांचा हात धरला. दोघांनाही दिसत नव्हतं, त्यामुळे हात सापडायला वेळ लागला. "तुमीच का ते मास्तर," मामा म्हणाले, "केशर लय हासे तुमच्यावर." नंदलालजींनी हेमराजला विनंती केली, मला जरा गोठ्याकडे घेऊन चल.

तिथे त्यांनी सांगितलं. क्लाउड, फोल्डर, कचरापेटी हे सगळं सांगायची तयारी करून आले होते. पण त्यातलं फारसं काही बोलले नाहीत. "माझ्याकडून गेलं," म्हणाले. "आणि गेल्यावरही परत मिळालं असतं. मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून मिळालं नाही."

हेमराजनं बैलापुढची वैरण सारखी केल्याचा आवाज आला.

"मी म्हणलं होतं तुम्हाले," तो म्हणाला. "जसं आहे तसं द्या."

"हो."

"काय कापून राहिले होते तुम्ही त्यातून वर्षभर?"

"माझे प्रश्न."

"तुमचे प्रश्न," हेमराज म्हणाला. तो हसला की नाही ते नंदलालजींना कळलं नाही. "आमाले काय करायचं होतं तुमच्या प्रश्नाचं? आमी मायकडे कान लावले असते."

नंदलालजींनी पिशवीतून नऊशे शब्दांची छापलेली यादी काढून पुढे धरली. हेमराजनं ती घेतली, दोन-तीन पानं उलटल्याचा आवाज झाला. "हे तं मलेही येते," तो म्हणाला, वाईट न बोलता. मग थांबून त्यानं विचारलं, "मास्तर, त्यात कधी तिनं माझं नाव काढलं होतं का?"

काढलं होतं. सातव्या बैठकीत, निर्मलाबाई आत गेल्या असताना. त्या भागात टिपण्यासारखा एकही शब्द नव्हता, म्हणून तो कापायचा असं नंदलालजींनी ठरवून ठेवलं होतं आणि पुन्हा कधी ऐकला नव्हता.

"काढलं होतं," ते म्हणाले. "म्हणाल्या, बाप खाटेवर पडला तेव्हा दहावीच्या वर्षी हेमराजची शाळा मीच सोडवली, मीच त्याला बांधीत उतरवलं. त्यानं कधी एका शब्दानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं."

"मले तं कधी म्हणाली नाही," तो म्हणाला. मग जवळ सरकला. "पुन्हा सांगा. तिनं म्हणलं तसं सांगा. तुमच्या भाषेत नको."

नंदलालजींनी तोंड उघडलं. उतरवलं म्हणाल्या होत्या की ओढलं? बरं झालं असतं, की मन मोकळं झालं असतं? त्या वेळी त्या हसत होत्या असं त्यांना आठवत होतं, पण खाट करकरल्याचं आठवत नव्हतं. पुस्तकी मराठीतलं वाक्य त्यांच्यापाशी नीट होतं, स्वल्पविरामांसकट. त्याखालचं केशरबाईंचं वाक्य ते शोधत राहिले.

"असंच म्हणाली ना?" हेमराजनं विचारलं. "हेच शब्द?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. तपासायला आता कोणाकडे काही नव्हतं.

"नक्की आठवत नाही, हेमराज," ते म्हणाले.

ओट्यावरून मामांनी हाक मारून विचारलं, आवाज केव्हा लावता. हेमराजनं कागद घडी करून खिशात घातले आणि सांगायला त्यांच्याकडे गेला.